दाराकडे पाठ

माझा भाऊ किल्लीवाला आहे. किल्ल्या करून देतो, कुलपं दुरुस्त करतो आणि ज्यांची किल्ली घरात राहून दार ओढलं गेलंय अशांची दारं उघडून देतो. दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. त्या जागेत दादाची चाळीस वर्षं गेली आणि माझ्या भाचीची पंधरा. वहिनी गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. मी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर, ड्युटी कधी सकाळची तर कधी दुपारची, त्यामुळे घरी तिला बघायला कोणी नसायचं. मग दादा तिला दुकानात घेऊन बसायचा. इतर मुली बाहुल्या खेळायच्या तेव्हा ही कोऱ्या किल्ल्यांची लांबीप्रमाणे रांग लावायची. अंगानं इतकी बारीक की मी तिला काडी म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. आता ती विमानानं जाऊन आली म्हणून मी काही तिला अहोजाहो करणार नाही.

ही हकिगत तिच्या परदेशातल्या पहिल्या सेमिस्टरची. मी तिथे नव्हते, पण सगळी मला ठाऊक आहे, कारण सुट्टीत घरी आल्यावर मी ती तिच्याकडून काढून घेतली. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईपासून गोष्टी लपवणं अवघड असतं. माणूस काय बोलतो त्याच्या आधी तो कुठे अडतो ते मला ऐकू येतं. काडी खोटं बोलायच्या आधी एक छोटासा श्वास घेते. बापाला हे माहीत नाही, मला आहे.

आधी दादाचे नियम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दार उघडून मागायला कोणी आलं की दादा हातात हत्यार घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारतो: दाराच्या आत काय काय आहे? घरचा माणूस असला तर तो वैतागतो, पण भराभर सांगतो. दारामागे छत्री आहे, चपलांचं फडताळ आहे, त्याचा एक पाय मोडलाय वगैरे. परका असला तर आठवून आठवून, नीटनेटकं सांगतो. ते खरं की खोटं हे बघायला आत डोकवायची गरज नसते, सांगण्यावरून कळतं. उत्तर पटलं की दादा "घरचं माणूस आहे" असं स्वतःशीच पुटपुटतो आणि कामाला लागतो. दुसरा नियम असा की कुलूप आपण सोडवायचं, दार ज्याचं त्यानं ढकलायचं. आणि तिसरा, सगळ्यांत कडक: कुलूप सुटल्याचा आवाज आला की त्याच क्षणी दाराकडे पाठ करायची आणि जिना उतरायला लागायचं. आत बघायचं नाही, थांबायचं नाही. "आपण कुलूप उघडतो, घर नाही," असं तो काडीला लहानपणापासून सांगत आला.

हा तिसरा नियम त्यानं हौसेनं केलेला नाही. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका बिऱ्हाडातून दागिन्यांची डबी गेली आणि चार दिवसांपूर्वी ते दार दादानं उघडून दिलं होतं. पोलीस चौकीत त्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. शेवटी समोरच्या म्हाताऱ्यानं येऊन सांगितलं की हा पोरगा दार ढकललं जायच्या आतच जिना उतरत होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यावर तो सुटला. तेव्हापासून ती सवय त्यानं जी धरली ती कायमची.

काडीला परदेशातल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली ती धातूंच्या अभ्यासासाठी. किल्ल्यांच्या ढिगात वाढलेल्या मुलीनं दुसरं काय शिकायचं म्हणा. जाताना दादानं तिला एवढंच सांगितलं की एक सेमिस्टर बघ. सुट्टीचं तिकीट काढलेलंच आहे. नाही जमलं तर आलीस की राहा, कोणी काही विचारणार नाही. मी म्हटलं, मी विचारीन. ती हसली. तिच्या कंपासपेटीत दोन वाकवलेल्या तारा आणि एक पातळ पोलादी पट्टी मला बॅग भरतानाच दिसली होती. लोक फोटो नेतात तशी तिनं ती हत्यारं नेली. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

होस्टेलची इमारत पाचमजली, हिची खोली तिसऱ्या मजल्यावर. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना मिळून चौदा दारं, सगळी एकाच करड्या रंगाची. टोकाला सामाईक स्वयंपाकघर, तिथल्या फळ्यांवर ज्याच्या त्याच्या खोलीचा नंबर चिकटवलेला. खोलीत पलंग, टेबल, खुर्ची आणि एक खिडकी, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, ओळखी व्हायला वेळ लागतोच. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की बाकीच्यांच्या झाल्यासुद्धा. स्वयंपाकघरात तीन-तीन, चार-चार जण मिळून जेवायचे आणि ही शिरली की छान हसायचे, जरा सरकून शेगडीपाशी जागा करून द्यायचे आणि परत आपल्या बोलण्याला लागायचे. वाईट कोणीच वागलं नाही. वाईट वागले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. ही आपली ताटली घेऊन खोलीत यायची आणि टेबलापाशी, पुस्तक बाजूला सारून, जेवायची.

तिथली भाषा तिला येत होती, पण ती पुस्तकातली. वर्गात प्राध्यापक काय म्हणतात ते कळायचं, वर्ग सुटल्यावर मुलं दारात उभी राहून काय बोलतात ते अर्धं निसटायचं. उत्तर जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. एका रविवारी तिनं मोजलं, दिवसभरात ती एकूण चार शब्द बोलली होती आणि ते चारही दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईशी, पिशवी नको म्हणून. आमच्याशी फोनवर बोलली ते वेगळं.

रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. मी स्पीकर लावायची, दादा हात पुसून शेजारी बसायचा. अभ्यास कसा चाललाय, चांगला. जेवण, करते. मैत्रिणी झाल्या का गं, असं दादा विचारायचा. मग तो छोटासा श्वास, आणि "हो, झाल्या की, खूप आहेत." दादाचा चेहरा खुलायचा. मी फोन ठेवून भाजी निवडायला घ्यायची, कारण मला बोलायचं नसायचं. परत बोलवावं असं माझ्या रोज मनात येत होतं. पण शिष्यवृत्ती एकदा सोडली की ती दुसऱ्याला जाणार होती, आणि काडीनं ती कशी मिळवली ते मी बघितलं होतं. त्यामुळे मी गप्प राहिले, आणि तसं राहणं मला भारी पडलं.

महिनाभरानं एका सकाळी ती वर्गाला निघाली तर समोरच्या खोलीबाहेर एक मुलगी अंगाला टॉवेल गुंडाळून, केसांतून पाणी गळत असलेली, दाराला टेकून उभी. ही मुलगी इतकी उंच की काडी मला तिच्याबद्दल सांगायला लागली तेव्हा मी तिचं नाव शिडी ठेवलं. तिथली दारं लॅचची. ओढलं की बंद, आणि किल्ली टेबलावर. केअरटेकरला फोन केला तर तो दोन तासांनी येतो म्हणाला, आणि शिडीची नऊ वाजता परीक्षा. काडी तिच्यासमोर उभी राहिली आणि सवयीनं तिच्या तोंडून प्रश्न गेला: दाराच्या आत काय काय आहे?

शिडी आधी तिच्याकडे बघतच राहिली. मग वैतागून, भराभर म्हणाली, निळ्या सपाता, सायकलचं हेल्मेट, एक मोठी बॅग, तीही बंदच, अजून का विचारतेस. काडी खोलीत गेली, कंपासपेटी घेऊन आली आणि अर्ध्या मिनिटात लॅच सोडवलं. टक् आवाज आला, तशी ती वळली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. केवढा आनंद झाला होता तिला. महिन्याभरात पहिल्यांदा तिची कोणाला तरी गरज लागली होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाचा मुलगा दार वाजवून गेला, मग खालच्या मजल्यावरच्या दोघी. सगळी दारं एकसारखी आणि सगळी मुलं एकसारखी विसराळू. दीड महिन्यात काडीनं तेवीस दारं उघडली. प्रत्येकाला प्रश्न, प्रत्येकाचं वैतागलेलं उत्तर, मग टक्, मग पाठ. आता रविवारी ती सांगायची, "बाबा, माझ्याकडे सारखं कोणी ना कोणी येतं," आणि त्याच्या आधी श्वास नसायचा. मी चक्रावले. दादानं विचारलं, "कशाला येतात?" ती म्हणाली, "असंच." तेव्हा मात्र श्वास आला.

तिनं दुकानातून दुसरा कप आणला. एक होता, तो तिला पुरत होता. दुसरा येईल त्याच्यासाठी. टेबल फिरवून असं लावलं की अभ्यास करताना तोंड दाराकडे राहील. दार वाजलं की उठायला एक सेकंदसुद्धा लागू नये म्हणून. येणारा दारात उभा राहूनच म्हणायचा, अगं, माझी किल्ली. दुसरा कप धुवून पालथा ठेवलेला तसाच राहिला. एका संध्याकाळी शिडीच्या खोलीतून हसण्याचे आणि टाळ्यांचे आवाज यायला लागले, वाढदिवस होता. त्याच दुपारी शिडीचं दार हिनं तिसऱ्यांदा उघडून दिलं होतं. काडी खुर्चीवर बसून ते सगळं ऐकत राहिली. मला सांगताना इथे तिला रडू फुटलं आणि मला त्या मजल्यावरच्या यच्चयावत पोरांचा राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

याच्यापुढचं तिनं मला सगळ्यांत शेवटी सांगितलं, मान खाली घालून. एका शनिवारी दुपारी तिनं किल्ली टेबलावर ठेवली, कंपासपेटी किल्लीशेजारी ठेवली, बोळात आली आणि स्वतःचं दार ओढून घेतलं. मुद्दाम. मग जाऊन समोरचं दार वाजवलं. आता तरी तिच्याकडे दार वाजवायला कारण होतं. शिडी नव्हती. शेजारचं वाजवलं, तिथल्या मुलीनं ऐकलं आणि ती हसायलाच लागली. तू आणि बाहेर अडकलीस? तिला वाटलं, ही गंमत करतेय. तिनं आणखी दोघांना बोलावून सांगितलं, तेही हसले, छान मनमोकळं हसले आणि आपापल्या खोल्यांत गेले. काडीही हसली. मग दोन तास जिन्यात बसून राहिली, केअरटेकर येईपर्यंत. तो वयस्कर माणूस, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यानं दार उघडलं आणि ढकलून आत नजर टाकली तर समोर टेबलावर किल्ली, तिच्या शेजारी वाकवलेल्या तारा. जुडगा कंबरेला अडकवून तो निघून गेला. पण बघितलं मात्र त्यानं.

आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचा लॅपटॉप गेला.

तिचं दार काडीनं पंधरा दिवसांपूर्वी उघडलं होतं. केअरटेकरला तारा आठवल्या, त्यानं ऑफिसात सांगितलं. त्यात त्याची चूक नाही, मी त्याच्या जागी असते तर मीही सांगितलं असतं. होस्टेलच्या मॅनेजरबाईंनी काडीला चिठ्ठी पाठवली: बुधवारी सकाळी अकरा वाजता हजर राहावं, कुलपांशी छेडछाड आणि चोरी, प्रकरण विद्यापीठाकडे जाऊ शकतं. काडी ती चिठ्ठी घेऊन पलंगावर बसली. गेले दोन महिने ती मनातल्या मनात घरी परतत होती, रोज. आता कोणी तिला खरंच घरी पाठवणार होतं, पण चोर म्हणून. बापाच्या जिन्याखाली त्याच्या समोर जाऊन बसायचं आणि हे सांगायचं. दोन दिवस ती स्वयंपाकघराकडे फिरकलीच नाही. त्या रविवारी तिनं फोन केला नाही. परीक्षा जवळ आली असेल, असं दादा म्हणाला. मी त्या दिवशी तीन वेळा फोनजवळ जाऊन आले.

बुधवारी ऑफिसात मॅनेजरबाई होत्या, केअरटेकर होता, आणि काडीनं ज्यांची दारं उघडली त्यांतली नऊ-दहा मुलं भिंतीला लागून उभी होती. बाईंनी एकेकाला तेच विचारलं. दार उघडल्यावर ही काय करायची? आत यायची का? काही बघायची का? पहिला मुलगा म्हणाला, माहीत नाही, मी वळेपर्यंत ही गेलेली असते. दुसरी म्हणाली, मी आभार मानायला वळले तर बोळात कोणीच नव्हतं. तिसरी तेच, चौथा तेच. ज्या मुलीचा लॅपटॉप गेला होता तीसुद्धा जरा विचार करून म्हणाली, हिनं माझी खोली बघितलेलीच नाही. काडीच्या जिवात जीव येत होता. जे समोरच्या म्हाताऱ्यानं एके काळी तिच्या बापासाठी सांगितलं होतं, तेच आता दहा तोंडांनी तिच्यासाठी सांगितलं जात होतं.

मग शिडीची पाळी आली. शिडी म्हणाली, "तीन वेळा उघडलं हिनं माझं दार. तिन्ही वेळा मी आत ये म्हणायला वळले. वाढदिवसाच्या दिवशी तर मी तिला त्यासाठीच हाक मारली, तोवर हिचं दार लागलेलं. आम्हाला वाटलं, हिला आमच्यात यायचंच नाहीये."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरबाईंनी काडीकडे बघितलं आणि विचारलं की तू असं का करतेस. काडीला खूप काही सांगायचं होतं. जिना, चौकीतलं बाक, चाळीस वर्षं. तिथल्या भाषेत तिला त्यातलं एकच वाक्य जुळवता आलं. "आमच्याकडे असंच करतात," ती म्हणाली.

लॅपटॉप दोन दिवसांनी सापडला. लायब्ररीत राहिला होता, तिथल्या शिपायानं उचलून कपाटात ठेवला होता. ती मुलगी येऊन माफी मागून गेली, दारातूनच. चोरीचा ठपका गेला, पण मॅनेजरबाईंनी बुधवारीच काडीकडून लिहून घेतलं होतं की यापुढे होस्टेलच्या एकाही कुलपाला ती हात लावणार नाही. सही करून ती बाहेर आली तेव्हा शिडी ऑफिसच्या पायरीवर उभी होती, बहुतेक तिच्यासाठीच. काडीला इतकी लाज वाटत होती की ती मान खाली घालून तिच्या शेजारून निघून गेली. परत पाठच. सेमिस्टरचे तीन आठवडे उरले होते. ती माफी सोडली तर त्या तीन आठवड्यांत तिचं दार एकदाही वाजलं नाही.

अशी ती घरी आली. वजन उतरलेलं, मार्क मात्र चांगले. दादानं मार्क तीनदा वाचले आणि तिला काहीच विचारलं नाही, म्हटल्याप्रमाणे. मी विचारलं, म्हटल्याप्रमाणे. परतीचं तिकीट कपाटात होतं, तीन आठवड्यांनंतरचं, आणि ती जाणार की नाही हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. "आत्या, निदान कुलपं होती तेव्हा कोणी दार वाजवायचं," ती म्हणाली. "आता त्यालाही बंदी. मग माझ्याकडे कोण कशाला येईल?"  मी तिच्या केसांना तेल लावून दिलं, तेवढंच मला सुचलं.

जायला पाच दिवस उरले तेव्हाची गोष्ट. मी दुपारी दादाला जेवायला बोलवायला दुकानात गेले होते, काडी आत बसून कानशीनं एक किल्ली घासत होती, दादा बाहेर स्टुलावर. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या मास्तरीणबाई धापा टाकत आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात, आणि वर्षातून चार वेळा किल्ली आत ठेवून दार ओढतात. या वेळी गॅसवर दूध होतं. दादानं तरीही विचारलं, दाराच्या आत काय काय आहे. बाई म्हणाल्या, "दूध आहे हो, उतू जाणारं दूध." दादा म्हणाला, घरचं माणूस आहे, आणि उठला. मी शटर ओढलं आणि आम्ही तिघंही त्यांच्यामागून दोन जिने चढून गेलो.

टक् झालं. बाई दार ढकलून आत पळाल्या. दादा वळला आणि तीन पायऱ्या उतरलासुद्धा. मीही सवयीनं त्याच्यामागून निघाले. काडी मात्र तशीच उभी राहिली, दाराकडे तोंड करून. गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि बाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या. काडीला बघून त्यांना आश्चर्यच वाटलं.

"अगंबाई, कोणीतरी थांबलं. दर वेळी म्हणते मी, किल्लीवाले, चहा तरी घेऊन जा. आणि दर वेळी हे आपले जिन्यात."

काडीचा चेहरा मला दिसत होता. हे वाक्य ती आधी ऐकून आली होती, दुसऱ्या भाषेत. ती कठड्यावरून वाकली.

"बाबा, थांबा. त्या बोलावतायत."

दादा खालूनच म्हणाला, दुकान उघडं आहे. मी म्हटलं, शटर मी ओढलंय. मग जेवायचं आहे म्हणाला. मी म्हटलं, जेवण कुठे पळून जात नाही. तो मधल्या पायरीवर उभा राहिला, एक हात कठड्यावर, आणि वर बघेचना. चाळीस वर्षं हा माणूस या गल्लीत आहे. इथलं एकही कुलूप त्याला अनोळखी नाही. आणि मला त्या पायरीवर उभं राहून पहिल्यांदा उमगलं की माझा भाऊ यांतल्या एकाही घरात कधी बसलेला नाही. दुकान ते घर आणि घर ते दुकान. मी त्याला अबोल समजत होते. मी, जिला माणसं ऐकता येतात असा जिचा तोरा. मला फार वाईट वाटलं.

काडी उतरली, तिनं बापाचा हात धरला आणि त्याला वर आणलं. दादा दाराला सगळ्यांत जवळच्या खुर्चीवर बसला, अगदी कडेला, आणि चहा येईपर्यंत आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मास्तरीणबाई काडीशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या, मध्येच त्याला विचारलं साखर पुरे का, तो पुरे म्हणाला. दहा मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. बाई म्हणाल्या, आता किल्ली विसरायची वाट नका बघू, येत जा. दादानं मान हलवली.

आम्ही पहिला जिना उतरलो. मग तो म्हणाला, "त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. सव्वाचारला."

मी कठडा धरून उभी राहिले. एवढ्या वर्षांत त्यानं कोणाच्या घरातली एक वस्तू कधी मला सांगितली नव्हती. काडी हसायला लागली, आल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. दादा म्हणाला, हसण्यासारखं काय आहे, सेल बदलला पाहिजे.

त्याच संध्याकाळी तिनं कपाटातून तिकीट काढलं आणि मला म्हणाली, मी जाते. वाकवलेल्या तारा आणि पट्टी तिनं दुसऱ्या दिवशी दुकानातल्या खिळ्याला लटकवल्या. "बंदी आहे ना," ती म्हणाली. दादानं त्या हातात घेऊन बघितल्या, जरा कापडानं पुसल्या आणि परत खिळ्याला लावल्या. त्या दुकानातून कधी गेल्या हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, असं माझं मत आहे.

ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी फोनवर विशेष काही नव्हतं. थंडी आहे, पोचले, झोप होत नाही. दुसऱ्या रविवारी ती आपण होऊनच म्हणाली, मी शिडीचं दार वाजवलं. तिनं दार उघडून मला विचारलं, बाहेर अडकलीस का, तर मी तिला माझी किल्ली दाखवली. म्हटलं, अडकले नाही, अशीच आले.  मला पुढचं ऐकायचं होतं, पण दादानं माझ्या हातातून फोन घेतला. असं तो कधी करत नाही.

"दाराच्या आत काय काय आहे?" त्यानं विचारलं.

मी कान देऊन ऐकत होते. छोटासा श्वास येतो का, एवढंच.

"निळ्या सपाता आहेत, पण दोन्ही दोन दिशांना," काडी भराभर म्हणाली. "हेल्मेट पलंगाखाली गेलंय, ते काढायला मला वाकावं लागलं. आणि बॅग तशीच होती बाबा, भरलेली. तिनं अख्खं सेमिस्टर ती उघडलीच नाही. तिलाही पहिल्या आठवड्यापासून घरी जायचं होतं, म्हणून. खुर्ची एकच आहे, तर मी त्या बॅगेवर बसले होते. काल आम्ही दोघींनी मिळून ती रिकामी केली. आता मी बसणार कुठे, तर ती म्हणाली, तुझी खुर्ची घेऊन ये."

दादा ऐकत राहिला, डोळे मिटून, दुकानात ऐकतो तसा.

"घरचं माणूस आहे," तो पुटपुटला आणि फोन मला परत दिला.